पायाखालचा यूपीएस

मी टेबलाखालून बोलतोय. जरा वाकून बघा. तो नाही, तो निळ्या दिव्याचा नवा आहे. त्याचं नि माझं फारसं बोलणं नाही. त्याच्या मागे भिंतीला टेकून एक काळा डबा आडवा पडलेला दिसतोय ना, तो मी. मी एक यूपीएस आहे.

माझं काम सांगायला दोन वाक्यं पुरतात. लाइट गेली की कॉम्प्युटरला दहा-पंधरा मिनिटं माझ्या पोटातल्या बॅटरीवर चालवायचं. तेवढ्यात माणसाने आपलं लिहिलेलं जपून ठेवायचं आणि कॉम्प्युटर नीट बंद करायचा. लाइट असेपर्यंत माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, आणि लाइट गेली की मी ओरडतो म्हणून सगळे वैतागतात. "हो रे बाबा, कळलं!" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की सुरुवातीला मला तेच माझं नाव वाटायचं. बोलायला मला एकच शब्द दिलेला आहे, टीं. त्यात काय काय बसवणार?

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमधला. माझ्यासारखेच दोनशे जण एका रांगेत. एका बाईंनी मला उलटा केला, चार स्क्रू आवळले, वायर लावली आणि काढली. मी पहिल्यांदा ओरडलो. त्या हसल्या आणि त्यांनी माझ्या अंगावर एक हिरवं स्टिकर चिकटवलं. ओरडल्याबद्दल शाबासकी मिळाली ती तेवढीच.

माझ्या पाठीवर चार सॉकेट आहेत. हे लक्षात ठेवा, कारण माझ्या आयुष्याची सगळी माती त्यांच्यापायी झाली. डावीकडची तीन बॅटरीवरची. उजवीकडचं चौथं जरा लांब, एकटं. त्याला बॅटरी नाही. विजेचा झटका आला तर ते झेलतं, पण लाइट गेली की त्याच्यातलीही गेली. तसं तिथे छापलेलंही आहे, पण इतक्या बारीक अक्षरांत की वाचायला कुणीतरी माझ्याशेजारी आडवं पडायला हवं.

मी ज्या घरात आलो ते दोन खोल्यांचं होतं, आणि त्यातली मोठी खोली एका हातमागाने अडवलेली होती. माग होता बाबांचा. बाबा म्हणजे या घरातले सासरे. पन्नास वर्षं विणकाम केलेले, बुटके, कमी बोलणारे, स्वतःच्याच विनोदाला आधी हसणारे. त्यांची सून घरबसल्या टायपिंगची कामं करायची: लोकांचे अर्ज, शाळांच्या प्रश्नपत्रिका, कुणाचा तरी जाडजूड प्रबंध. तिला सगळे सूनबाईच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. तिसरा तिचा नवरा. तो एका गोदामात कामाला जाई आणि घरातल्या प्रत्येक वायरीबद्दल त्याचं ठाम मत असे. बाबा त्याला चिरंजीव म्हणत, आणि त्यात कौतुक किती नि टोमणा किती हे मला कधी कळलं नाही.

मी आलो तेव्हा बाबांचे हात थरथरू लागले होते. मागावर धागे चढवणं त्यांनी सोडलं होतं. विणकाम शाळेच्या बाई एकदा भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या नक्ष्या कुठेच लिहिलेल्या नाहीत. तुमच्याबरोबर त्या जायला नकोत. लिहून द्या, आम्ही पुस्तक करू."

"मला लिहायचा कंटाळा," बाबा म्हणाले. "पण सूनबाईची बोटं पळतात."

मग रोज सकाळी कामं उरकली की दोघं बसायचे. ती टेबलापाशी, ते रिकाम्या मागावर. त्या मागाच्या तळाशी पाय द्यायच्या चार फळ्या होत्या. डाव्या पायाला पहिली-दुसरी, उजव्या पायाला तिसरी-चौथी. कुठली फळी कुठल्या क्रमाने दाबायची, त्यावर कापडावरची नक्षी ठरायची. बाबा डोळे मिटून फळ्या दाबत आणि आकडे सांगत.

"एक, तीन, दोन, चार. घेतलंस?"

"घेतलं, बाबा."

"मी सांगतोय असं समजू नकोस हं. सांगतायत पाय. मी नुसता मोठ्याने वाचतोय." आणि स्वतःच हसायचे.

त्रेचाळीस नक्ष्या होत्या. प्रत्येकीला बाबांनी नाव दिलेलं. मुंग्यांची रांग. विसरलेली चावी. थोरलीचा हट्ट. आणि एक होती, रुसवा.

"रुसवा म्हणजे?" सूनबाईने विचारलं होतं.

"तुझ्या सासूबाई एकदा माझ्याशी चार दिवस बोलल्या नव्हत्या. कशावरून ते विचारू नकोस, चूक माझी होती. घरात माणसं दोन आणि बोलणं बंद. मग काय करणार, विणत बसलो. डावा पाय म्हणजे मी, उजवा म्हणजे ती. चार दिवसांच्या चार ओळी. एक नि चार म्हणजे दोघं दोन टोकांना. दोन नि तीन म्हणजे शेजारी शेजारी."

"आणि त्यांना कळलं?"

"छे! चौथ्या दिवशी येऊन म्हणाली, हे नवीन काय विणताय, छान दिसतंय. मी कशाला सांगतोय!"

त्या सासूबाईंना मी पाहिलं नाही. मी या घरात येण्याच्या बऱ्याच आधी त्या गेल्या. पण बाबा रुसवा सांगत होते तेव्हा त्यांचा उजवा पाय डाव्यापेक्षा हलक्याने पडत होता, हे मी टेबलाखालून पाहिलं.

त्या महिन्यांत पाचदा लाइट गेली. पाचही वेळा मी ओरडलो आणि धरून ठेवलं. एकदा तर चौदा मिनिटं. सूनबाई म्हणाली, "काही काळजी नाही बाबा, आपला शिपाई आहे खाली." शिपाई! ते ऐकून मला किती बरं वाटलं, हे त्या घरात कुणालाही माहीत नाही.

त्रेचाळिसावी नक्षी टाइप झाली आणि चिरंजीव म्हणाले, "बाबा, रागावू नका, पण माग आता नुसती जागा अडवतोय. हिला खिडकीपाशी टेबल मिळालं तर उजेडात काम करेल."

बाबांनी मागाच्या लाकडावरून हात फिरवला. मग म्हणाले, "ने. आता सगळं त्या कॉम्प्युटरच्या डब्यात आलंच आहे."

लाकूड चांगलं होतं, एका सुताराने नेलं. चार फळ्या सुतळीने एकत्र बांधल्या होत्या. बाबा दारापर्यंत गेले आणि मग उगाचच पाणी प्यायला आत वळले.

त्याच दिवशी टेबल खिडकीपाशी सरकलं. चिरंजीवांनी माझ्या पाठीवरच्या सगळ्या वायरी उपटल्या आणि पुन्हा लावल्या. घाईत होते. पहिल्या तीन सॉकेटमध्ये गेला टेबलावरचा पंखा, टेबलाचा दिवा आणि फोनचा चार्जर. कॉम्प्युटरच्या वायरी त्यांनी एका बोर्डात घातल्या, आणि त्या बोर्डाला जागा उरली ती चौथी, एकटी. "झालं! कसं व्यवस्थित!" ते हात झटकत म्हणाले.

झालं होतं खरंच. मी जिवाच्या आकांताने ओरडलो असतो, पण लाइट असताना मला ओरडता येत नाही. बावीस दिवस मी ते माहीत असलेला या घरातला एकटाच होतो. तसं एकटेपण मी तुमच्या वैऱ्यालाही देणार नाही.

तेविसाव्या दिवशी भर दुपारी सूनबाई शेवटचा हात फिरवत होती. सोमवारी शाळेच्या बाई येणार होत्या. त्याआधी सगळं एकदाच स्वच्छ छापायचं, असं तिने ठरवलं होतं. त्यामुळे कागदावर काहीच नव्हतं. त्रेचाळीस नक्ष्या एकाच फायलीत, आणि त्या फायलीची दुसरी प्रत कुठेच नाही. तिने सेव्हचं बटण दाबलं आणि त्याच क्षणी लाइट गेली.

पडदा काळा झाला. मी ओरडू लागलो. आणि टेबलावर पंखा फिरत राहिला, अगदी मजेत. टेबलावरचे कागद त्याच्या वाऱ्याने उडाले. सूनबाई कधी काळ्या पडद्याकडे बघत होती, कधी पंख्याकडे. माझ्या पोटात तेव्हा पंधरा मिनिटांचा दम होता. तो सगळा मी पंख्याला दिला.

लाइट आल्यावर तिने फाइल उघडली. नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं, पानामागून पान.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. दोन तास बसला. "ताई, सेव्ह होतानाच लाइट गेली म्हणून फाइल फाटली. दुसरी प्रत?"

"नाही."

"कुठे छापलेलं?"

"सोमवारी छापणार होते."

निकाल चिरंजीवांनी दिला. "याची बॅटरी बसलीये, दुसरं काय! पंख्यापुरतीच उरली होती, म्हणून पंखा चालला आणि कॉम्प्युटर पडला." किती सरळ हिशेब! सगळ्यांना पटला. दुरुस्तीवाल्याने ना माझी पाठ बघितली, ना मला एकदा लावून पाहिलं. माझी बॅटरी काढून घेऊन गेला. निळ्या दिव्याचा नवा आला आणि मला भिंतीकडे ढकललं. जाता जाता सूनबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "ऐन वेळी दगा दिलास." चिरंजीवांच्या शिव्यांचं मला काही वाटलं नव्हतं. हे मात्र लागलं.

दोन दिवसांनी बाबा स्वतःच खुर्ची ओढून टेबलापाशी बसले आणि म्हणाले, "चल, परत घे लिहून." डोळे मिटले. "एक, तीन… एक, तीन…" मग डोळे उघडले. "पायाखाली काही लागत नाही गं."

त्यांचं विणलेलं कापड सगळं लोकांच्या घरी गेलेलं. घरात एकच जुनी चादर उरली होती, मुंग्यांच्या रांगेची. सूनबाईने सुईने एकेक धागा मोजून ती उतरवली. बेचाळीस राहिल्या.

त्यानंतर बाबांचं जेवण कमी झालं, पाय सुजायला लागले. डॉक्टर म्हणाले, बसताना पाय उंचावर ठेवा. सूनबाईने इकडे तिकडे पाहिलं, मला भिंतीपासून ओढलं, आडवा केला आणि बाबांच्या पायांखाली सरकवला. आता आमची बढती पाटावर! मी खूप चरफडलो. पण खरं सांगू? पहिल्यांदाच कुणाचं तरी वजन रोज माझ्यावर असायचं. दुपारी घर शांत असताना त्यांच्या टाचा माझ्या पत्र्यावर टेकलेल्या असायच्या, आणि ते गेल्यावरही पत्रा थोडा वेळ कोमट राहायचा.

एक दिवस त्यांचा डावा अंगठा हलला. माझ्या डाव्या टोकाला दाबला, उचलला. मग उजवा पाय. माझा पत्रा पातळ आहे, दाबला की थोडा आत जातो आणि टक्‌ करून वर येतो. टक्‌, टक्‌, टक्‌. बाबांचे डोळे मिटलेले होते.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "हलू नकोस. वही घे. एक, दोन, दोन, चार…"

विसरलेली चावी होती ती. सूनबाई लिहीत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम. अक्षर फार वाईट आलंय त्या पानावर, तुम्ही बघालच.

त्यानंतर रोज. कधी एक नक्षी सापडे, कधी अर्धी, कधी आठ दिवस काहीच नाही. मी होईल तेवढा ताठ राहायचो. प्रत्येक पान लिहून झालं की ती टाइप करायची, दोन प्रती छापायची, एक चिरंजीवांच्या कपाटात, एक स्वतःच्या. पोळलेलं माणूस होतं ते.

आणि एका सकाळी ती खाली झाडत असताना माझी पाठ पुसायला लागली. ओल्या फडक्याने धूळ निघाली आणि छापलेली अक्षरं दिसली. ती तिथेच फरशीवर बसली. मग आडवी पडून वाचलं. पुन्हा वाचलं. कुठली वायर कुठे होती ते तिला आठवत असणार, कारण तिचं बोट थेट चौथ्या सॉकेटवर गेलं.

"बाबा," ती म्हणाली, "बॅटरी चांगली होती. आपण वायरच चुकीच्या जागी लावली होती. बावीस दिवस मी इथे बसले आणि एकदाही खाली बघितलं नाही. तुमचं सगळं माझ्यामुळे गेलं."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "वायर लावली चिरंजीवांनी. एकच प्रत ठेवली तू. माग द्यायला हो म्हटलं मी. आणि बोलणी खाल्ली या बिचाऱ्याने," ते म्हणाले. मग त्यांनी पायाच्या अंगठ्याने माझ्यावर दोनदा थोपटलं. सूनबाई मला म्हणाली, "चुकले रे." डब्याची कुणी माफी मागतं का? पण तिने मागितली, मोठ्याने, आणि मी ती अजून जपून ठेवलीये.

एकतीस नक्ष्या परत आल्या. बाकीच्यांना बाबांनी हात जोडले. पण रुसवा त्यांना हवाच होता. पहिल्या दिवसाची ओळ आली, दुसऱ्या दिवसाची आली. चौथ्याची तर सोपी, शेवटी दोन्ही पाय शेजारी. तिसरी ओळ मात्र काही केल्या सापडेना.

"तिसऱ्या दिवशी काय झालं होतं, बाबा?"

"तेच आठवत नाही ना. काहीतरी झालं होतं. अगदी थोडंसं."

त्या दुपारी सूनबाई छापलेले कागद पोचवायला बाहेर गेली होती. घरात बाबा आणि मी. पाय माझ्यावर. खिडकीतून ऊन येत होतं. ते पहिल्या ओळीपासून सुरू करत, अडत, पुन्हा पहिल्यापासून. आणि एकदम पाय अडलेच नाहीत. तिसरी ओळ गेली, चौथी गेली, दोन्ही पावलं माझ्या मधोमध एकमेकांना टेकली.

"अरे, हो की," बाबा रिकाम्या खोलीत म्हणाले. "मी उठून स्वयंपाकघरात गेलो होतो, बोलायचं म्हणून. तिने पाठ फिरवली. मी परत येऊन बसलो. मग ती पाण्याचा तांब्या घेऊन आली, मागापाशी ठेवला, थोडी थांबली. आणि मी मान वर केली नाही. आपापल्या जागी गेलो दोघं." ते हसले, या वेळी विनोद नसताना. मग ती ओळ त्यांनी तीनदा दाबली, चुकू नये म्हणून. "आली की सांगतो."

तिला यायला उशीर झाला. ती आली तेव्हा बाबांना खुर्चीत डुलकी लागली होती. चेहरा इतका निवांत होता की तिने उठवलं नाही. पायांवर चादर घातली, खिडकीचा पडदा ओढला आणि पावलं न वाजवता आत गेली. बॅटरी असती आणि त्या क्षणी लाइट गेली असती, तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. पण पोट रिकामं, आणि लाइट लख्ख होती.

ती डुलकी पुरती उतरलीच नाही. संध्याकाळी बाबांना बोलताना शब्द सापडेनात. त्यांना दवाखान्यात नेलं. पाचव्या दिवशी घरी परत आली ती फक्त त्यांची चप्पल आणि चष्मा.

शाळेचं पुस्तक निघालं. बाई सूनबाईला म्हणाल्या होत्या, "एकच तर ओळ आहे, अंदाजाने भरून टाकू. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," सूनबाई म्हणाली. त्यामुळे त्या पुस्तकात रुसव्याच्या पानावर तीन ओळी आहेत आणि मध्ये एक जागा कोरी आहे. ती अजून कधीमधी वही उघडून त्या जागेवर बोट ठेवते, बोट उचलते, वही मिटते.

मला तिने भंगारात दिलं नाही. चिरंजीव दर वेळी साफसफाईला विचारतात, "हा कशाला?" आणि ती म्हणते, "असू दे." पण माझ्यावर आता कुणी पाय ठेवत नाही. ते बरोबर दिसणार नाही, असं तिला वाटत असावं. तिला कोण सांगणार की मला तेच हवंय? पत्रा दिवसभर गार असतो.

माझ्याकडे बॅटरी नाही, वायर नाही, तो एक शब्दही आता नाही. उरली आहे ती फक्त पत्र्यावर पडलेली सवय. बाबांनी तीनदा दाबून दिलेली ओळ माझ्यापाशी आहे आणि ती मी कुणाला द्यावी हे मला कळत नाही. तुम्ही वाकलात, ऐकलंत, म्हणून एवढं करा. वही टेबलाच्या डाव्या खणात आहे. सूनबाई आत आहे. तिला बोलवा, तिला इथे खुर्चीत बसवा, आणि तिचे पाय माझ्यावर ठेवायला सांगा. म्हणावं, तिसरा दिवस सापडलाय. बाबा बोलायला गेले तेव्हा सासूबाईंनी बघितलं नाही, आणि त्या आल्या तेव्हा बाबांनी. एवढंच झालं होतं.

लिहून घ्या. दोन, चार. एक, तीन. एक, चार.